कॅरिअरवर काय चढणार

रविवार, रात्री

दिवाळी उरकली, पुण्यात पहाटेचा गारवा सुरू झाला. सायकलने कोकणात जायची वाट केव्हाच ठरली आहे: ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून हरिहरेश्वर, मग किनाऱ्याने खाली मालवणपर्यंत. सामानाचं मात्र आत्ता, पलंगभर पसारा मांडल्यावर ठरतंय.

तंबू आणि स्टोव्ह कपाटात परत गेले. परदेशातल्या सायकलस्वारांच्या याद्यांत ते सगळ्यात वर असतात, पण कोकणात गावामागून गाव लागतं, घरगुती जेवण मिळतं, रात्रीला खोली मिळते. वाटेत मिळेल ते न्यायचं नाही, मिळणार नाही ते विसरायचं नाही. एवढ्याच कसोटीवर एकेक वस्तू बाजूला काढतेय.

मिळणार नाहीत ते स्पोक, म्हणजे चाकातल्या तारा. ओझं सगळं मागच्या चाकावर, त्यात साखळीच्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले, त्यामुळे तुटतात ते बहुधा तिकडचेच. तो बदलायचा तर आधी मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा संच, काढायला हवी, आणि तिचं हत्यार गावातल्या दुकानात कुठून असणार? ते घेतलं. दोन्ही बाजूंच्या स्पोकची लांबी वेगळी असते म्हणून दोन्ही मापांचे घेतले, फ्रेमच्या नळीला चिकटपट्टीने बांधून टाकले. माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा, पंक्चरवाल्याच्या पंपाला तो बसत नाही. नखाएवढा पितळी अडॅप्टर पाकिटात ठेवला. ब्रेकची रबरं जास्तीची हवीतच. बागमांडल्याहून वेशवीला, दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने खाडी ओलांडता येते, अंतर वाचतं. पण खाडीपाशी उतरणं आणि पलीकडे चढणं काही चुकत नाही. तिथे प्रत्येक किलो मांड्यांना कळतो.

कपड्यांत फार वेळ घालवला नाही. सुती काहीच नको, दमट हवेत रात्रभर वाळत नाही. जीन्सही राहिली.

पाणी लिटरला एक किलो, तरी दोन बाटल्या भरूनच निघणार. ओआरएसची पाकिटं घेतली. एक पाकीट एका लिटरला, कमी पाण्यात कालवायचं नाही. आईने नाचणीचे लाडू केलेत. ते वजनात धरणार नाही.

उद्या कॅरिअरच्या दोन्ही पिशव्या भरून खडकवासल्यापर्यंत जाऊन येणार. उभं राहून पेडल मारताना सायकल मागून डोलली, तर जड हत्यारं पिशवीच्या तळाशी घ्यायची आणि मगच कुलूप किती जाड न्यायचं ते ठरवायचं.