तिरुवैयारूला ऐकायला नको, गायला जा

पहिलीच गोष्ट सांगून टाकते. तिरुवैयारूला त्यागराज आराधनेला, म्हणजे कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांच्या पुण्यतिथीच्या उत्सवाला, जायचं मनात असेल तर गाडी-हॉटेलच्या आधी पंचरत्नांतल्या, म्हणजे त्यांच्या पाच प्रसिद्ध रचनांतल्या, एका तरी कृतीची पल्लवी (पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ) तोंडपाठ करा. इथे तिकीट नाही, राखीव खुर्ची नाही, आणि मुख्य दिवशी, पंचमीच्या सकाळी, नुसता श्रोता असा कुणी उरतच नाही. मंडपात जो बसतो तो गातो. सूर लागो न लागो, ओठ तरी हलतातच.

त्यागराज (१७६७–१८४७) तंजावरजवळच्या या गावात कावेरीकाठी राहिले, तिथेच शेवटी संन्यास घेऊन समाधिस्थ झाले. तमिळ मुलखात राहून तेलुगूत रामाची पदं रचली. त्यातली आज सातशेच्या आसपास गायली जातात. त्यांची पुण्यतिथी म्हणजे पौष वद्य पंचमी. तेलुगू पंचांगही आपल्यासारखंच अमान्त, म्हणजे अमावास्येला महिना संपवणारं, त्यामुळे कालनिर्णयात पाहिलं की तारीख सापडते. कधी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, कधी अगदी महिनाअखेरीला. आधीचे चार-पाच दिवस कार्यक्रम असतात आणि पंचमीला सकाळी पाच पंचरत्न कृतींचं सामूहिक गायन.

मी हिंदुस्तानी गाण्याची श्रोती, आणि गाते म्हणाल तर आमच्या भजनी मंडळात. कर्नाटक संगीत मला 'फार भरभर आणि फार हिशेबी' वाटायचं. चेन्नईत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला हे ऐकून ऐकून वैताग आला असावा. तिनेच तिकिटं काढली आणि 'आक्का, पल्लवी पाठ करून ये' एवढाच निरोप पाठवला.

जायचं कसं, तर चेन्नईपर्यंत यावं आणि तिथल्या एग्मोर स्टेशनवरून रात्रीच्या गाडीनं तंजावर गाठावं. सकाळी उजाडता पोचता. विमानानं यायचं तर तिरुचिरापल्ली जवळ, तिथून तंजावर साधारण पंचावन्न किलोमीटर. एक सावधगिरी: पंचमी पोंगलच्या, म्हणजे तिकडच्या संक्रांतीच्या, आगेमागे आली तर अख्खी चेन्नई गावाकडे निघालेली असते. आरक्षण उघडलं त्या सकाळीच तिकीट काढायला बसा, नाहीतर बसचा पर्याय हाताशी ठेवा. मुक्काम तंजावरला करावा. तिरुवैयारू लहान गाव, आराधनेच्या दिवसांत तिथल्या खोल्या कलाकारांनी आणि नेहमीच्या मंडळींनी भरलेल्या असतात. दोन्हींमध्ये अंतर तेरा किलोमीटरच आहे, गावच्या बसेस सतत असतात. पाट्या तमिळमध्ये, त्यामुळे कंडक्टरला 'तिरुवैयारू?' एवढंच विचारायचं. या रस्त्यावर एकामागून एक नद्यांचे पूल लागतात, दोन्ही बाजूंना भातखाचरं, आणि शेवटी कावेरी. जानेवारीत तिला पाणी असतं.

पंचमीच्या आदल्या दिवशी मुद्दाम जा. बहुतेक लोक थेट पंचमीला येतात आणि ही मजा हुकवतात. सकाळपासून रात्री उशिरापर्यंत एकामागून एक कलाकार येऊन समाधीसमोर गातात-वाजवतात. प्रत्येकाला थोडी मिनिटं. नामवंत असो की नुकतं शिकायला लागलेलं पोर, वेळ संपली की उठायचं. मानधन कुणी घेत नाही. एकाचं चालू असतानाच शेजारी पुढचा कलाकार तंबोरा जुळवत असतो, त्यामुळे मध्ये रिकामी जागा नाही, निवेदकाचं लांबलचक भाषण नाही. (आपल्याकडच्या संमेलनांच्या आयोजकांनी हे एवढं एक तरी शिकून घ्यावं.) मला एक मुलगी आठवते, दहा-बारा वर्षांची, व्हायोलिन घेऊन आलेली. पट्ट्याची पिशवी आईच्या खांद्यावर, बाबा खाली बसून मांडीवर ताल देत होते. वाजवून झाल्यावर तिनं प्रेक्षकांकडे पाहिलंही नाही, समाधीकडे वळून नमस्कार केला आणि उतरली. टाळ्यांकडे कुणाचंच फारसं लक्ष नव्हतं.

पंचमीच्या दिवशी मात्र सहाच्या आत तंजावर सोडा. पहाटे त्यागराजांच्या घरापासून उंछवृत्तीची मिरवणूक निघते, म्हणजे ते जसे पदं गात दारोदार भिक्षा मागत, तशी. गात गात सगळे समाधीपर्यंत येतात. त्यांच्याबरोबर चाललात तर मंडपात जागाही बरी मिळते. पुढच्या जागा कलाकारांच्या, आमनेसामने रांगा, एका बाजूला पुरुष, एका बाजूला स्त्रिया, मधून समाधीकडे वाट. आपण मागे, चटईवर. नेसायला साडी किंवा साधा सलवार-कुडता, पुरुषांना वेष्टी (तिकडचं धोतर) नसली तरी चालतं, पण जीन्स घालून मांडी घालून तीन तास बसणं तुमच्याच गुडघ्यांना शिक्षा. चप्पल पिशवीत घालून जवळ ठेवा.

आधी सनईसारखं नागस्वरम् वाजतं. त्याच्या जोडीच्या तविल या ढोलाच्या ठोक्यांनी छाती हलते असं वाचलं होतं, ते खरं आहे. मग नऊच्या सुमारास शेकडो कंठ, व्हायोलिनं, वीणा, मृदंगम्, बासऱ्या, एकदम 'जगदानंदकारक' उचलतात. आकाशवाणीवर हे थेट प्रसारित होतं, आणि रेडिओवर ते काहीसं गजबजाटी ऐकू येतं, हेही खरं. मंडपात बसल्यावर कळतं की तो गजबजाट नाही. प्रत्येकजण आपापल्या गुरूकडून आलेलं किंचित वेगळं वळण घेतो, पण ताल एक, शब्द एक, आणि पल्लवीवर सगळे एका जागी येतात. समोर त्याच वेळी मूर्तीवर अभिषेक चालू असतो: दूध, हळद, चंदन. पुजाऱ्याच्या हातातला कलश आणि गाणं दोन्ही एकाच वेळी पुढे सरकत राहतात.

हिंदुस्तानी कान घेऊन जाणाऱ्यांसाठी थोडी वाटाड्याची माहिती, कारण ती मला कुणी दिली नव्हती. पाच कृती, पाच राग: नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री. सगळ्या आदि तालात, म्हणजे आठ मात्रा, चार-दोन-दोन. पहिली संस्कृतात, बाकीच्या चार तेलुगूत. नाट ऐकताना जोगची आठवण येईल. गौळ भैरवाच्या घरातला वाटेल. आरभीच्या चढणीत दुर्गा स्पष्ट दिसेल. शेवटचा श्री मात्र आपल्या श्रीशी नावापुरताच नातेवाईक. कोमल रिषभ आणि तीव्र मध्यमाची वाट पाहत बसू नका, कानावर पडेल ते मधमाद सारंगाच्या जवळचं. वराळीला आपल्याकडे जोडीदार शोधू नये. या रागाबद्दल जुनी समजूत आहे की गुरूनं तो शिष्याला समोर बसवून शिकवू नये, नात्यात वितुष्ट येतं. म्हणून लोक तो ऐकून ऐकून उचलतात. वितुष्टाचं माहीत नाही, पण मंडपात 'कन कन रुचिरा' सगळ्यांना बिनचूक येत होतं.

तुम्ही एकच कृती तयार करणार असाल तर तिसरी घ्या, 'साधिंचेने'. रचना अशी, की प्रत्येक चरण आधी स्वरांत आणि मग शब्दांत गातात. चरणं अवघड आहेत, पहिल्या खेपेला ती जमणार नाहीत. पण दर चरणानंतर 'समयानिकि तगु माटलाडेने' ही एकच ओळ परत येते. वेळेला सोयीचं तेवढं बोलून निसटला, अशी कृष्णाबद्दलची लाडिक तक्रार. ही ओळ पाठ केली की संपूर्ण मंडपाबरोबर तुम्हाला पुन्हा पुन्हा सामील होता येतं. आपल्या भजनातलं ध्रुपद उचलणारे टाळकरी आठवा, नेमकं तेच काम. देवनागरीत छापलेली पुस्तिका असेल तर उत्तम, नाहीतर घरूनच शब्द हातानं लिहून न्या. फोनवर पाहत गायचं ठरवलंत तर ऐन वेळी नेटवर्क असेलच असं नाही.

माझ्या शेजारी एक वयस्कर मामी बसल्या होत्या, कांजीवरम नेसलेल्या, नाकात दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या चमक्या. मी मांडीवर आपला अंदाजे ठेका धरला होता. दुसऱ्या कृतीच्या मध्ये त्यांनी न बोलता माझं मनगट धरलं. तळवा खाली एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. मग टाळी आणि तळवा उलटा, पुन्हा टाळी, पुन्हा उलटा. दोन आवर्तनं माझा हात त्यांच्या हातात होता, तोंडानं त्या गातच होत्या. मग सोडला. तिसऱ्या कृतीत ती ओळ आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून भुवई उंचावली, 'आता तू' अशी. आमच्यात सामायिक भाषा म्हणावी तर मोडकं इंग्रजी, आणि तेही गाणं संपल्यावर उपयोगी पडलं ते फक्त 'कॉफी?' विचारायला. 'एंदरो महानुभावुलु'ला, म्हणजे पाचव्या कृतीला, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. जगात किती थोर माणसं होऊन गेली, त्या सगळ्यांना नमस्कार, असं ती सांगते. ज्यांना एक अक्षर तेलुगू येत नाही तेही रडत होते.

समाधीच्या आवारात आणखी एक जागा आहे, तिथे न थांबता परतू नका. ही समाधी दुर्लक्षित पडलेली असल्याचं १९२१ मध्ये बंगळुरू नागरत्नम्मांच्या कानावर आलं. त्या देवदासी घराण्यातल्या, मोठ्या गायिका. त्यांनी स्वतःची कमाई आणि दागदागिने घालून इथे मंदिर उभारलं. गंमत अशी, की आराधना करणाऱ्या पुरुषांच्या दोन पार्ट्या होत्या आणि दोन्ही पार्ट्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: बायकांनी इथे गायचं नाही. ज्या बाईनं मंदिर बांधलं तिलाच मज्जाव. नागरत्नम्मांनी मागच्या बाजूला स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली. १९४० च्या सुमारास सगळे गट एकत्र आले आणि स्त्रिया पुढच्या रांगेत बसल्या. नागरत्नम्मा १९५२ मध्ये गेल्या, त्यांचं स्मारकही इथेच, त्यागराजांच्या समाधीकडे तोंड करून. या बाईंचा एक धागा मराठ्यांशीही जुळतो. तंजावरचे मराठे राजे प्रतापसिंह यांच्या दरबारातली मुद्दुपळनी ही कवयित्री; तिचं शृंगारिक तेलुगू काव्य नागरत्नम्मांनी १९१० मध्ये संपादून पुन्हा छापवलं, तर ब्रिटिश सरकारनं ते अश्लील ठरवून जप्त केलं. बंदी उठली ती थेट स्वातंत्र्याच्या सुमारास.

आराधनेनंतर एक दिवस तंजावरसाठी ठेवाच. बृहदीश्वराच्या देवळात गोपुरं पाहून सगळे परततात. तुम्ही प्राकाराच्या, म्हणजे तटबंद आवाराच्या, नैऋत्य कोपऱ्याकडे जा. तिथे भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरलेला आहे, १८०३ चा, दुसऱ्या सरफोजी राजांनी कोरवलेला. भिंतभर ओळीच्या ओळी. याच सरफोजींनी त्यागराजांना दरबारात बोलावलं आणि ते गेले नाहीत, अशी कथा सांगतात. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रं आणि मराठी हस्तलिखितं आहेत. संग्रहालयाचा भाग सगळ्यांना खुला असतो, सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

देवळातच आमचं मराठी ऐकून एक निवृत्त गृहस्थ थांबले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, आडनावाच्या जागी 'राव'. त्यांची क्रियापदं जुन्या वळणाची, मधूनच तमिळ शब्द, आणि हेल असा की पहिली दोन वाक्यं मला मराठी वाटलीच नाहीत. त्यांनी सांगितलं की लहानपणी ते हरिकथेला जात आणि तिथे साकी-दिंडी ही आपल्या कीर्तनातली वृत्तं ऐकत. हे खरंच आहे: एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातले कीर्तनकार तंजावरला आले, त्यांचं ऐकून कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग तिकडचेच झाले. आजही कर्नाटक मैफलीच्या शेवटी अभंग ऐकू येतो तो या ओळखीतूनच. पुण्यात बसून मला तो 'फ्यूजन' वाटायचा.

किरकोळ पण उपयोगी: जानेवारीतही दुपारी ऊन चांगलंच लागतं, पाण्याची बाटली आणि हातपंखा न्या. जेवण केळीच्या पानावर कुठेही चांगलं मिळतं. दहीभात पोटाला सर्वांत सोयीचा. तिरुवैयारूचा अशोका हलवा मूगडाळीचा, तूप निथळणारा, तो ताजाच खावा, डब्यात घरी आणलेला दुसऱ्या दिवशी जड लागतो. स्वच्छतागृहांची रांग मोठी असते, गायन सुरू व्हायच्या आधी उरकून घ्या. हिंदीवर फार विसंबू नका, साधं इंग्रजी आणि हातवारे पुरतात. वीणा घ्यायची हौस असेल तर तंजावरचे कारागीर फणसाच्या लाकडाच्या करतात, पण ती गाडीत न्यायची कशी हे दुकानात शिरायच्या आधी ठरवा.

आणि तिकीट काढण्याआधी आयोजकांनी जाहीर केलेली तारीख एकदा पडताळून घ्या. आपल्या पंचांगात पंचमी ज्या दिवशी दिसते, तिकडे ती एखाद्या दिवसानं पुढे-मागे धरलेली असू शकते, आणि गायन एकाच सकाळी होतं.