परत गेलेल्या करंटचे बिल

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात ऐन थंडीत गिझरच्या सॉकेटमधून जळका वास येत होता. माझ्याआधी येऊन गेलेल्या वायरमनने सॉकेट न उघडताच १६ अँपिअरचा एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) काढून ३२चा बसवला होता, म्हणजे वायरीला जे थोडेफार संरक्षण होते तेही काढून घेतले होते. आमच्या धंद्यातील या सवयीची मला मनापासून चीड आहे.

गिझर २००० वॅटचा. तो बंद असताना सॉकेटवर २३० व्होल्ट मिळत होते. चालू करताच २२१ झाले, मेनबोर्डावर मात्र २३० कायम होते. वाटेत गेलेल्या नऊ व्होल्टांपैकी आठ एकट्या न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीच्या, ढिल्या स्क्रूवर पडत होते. करंट ८.४ अँपिअर, म्हणजे त्या टोकावर सुमारे ६७ वॅट उष्णता. धातूचा टाका वितळवणारे माझे सोल्डरिंग आयर्नही २५ वॅटचेच आहे. ढिल्या जोडामुळे करंट थोडा कमीच होतो, म्हणून एमसीबी पडत नाही. आणि फेजमधून, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीतून, गेलेला सगळा करंट न्यूट्रलने परत येतो, म्हणून जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटमध्ये फरक पडला तरच वीज तोडणाऱ्या आरसीसीबीलाही काही कळत नाही.

हे दाखवण्यासाठी मी वायरीभोवती धरून करंट मोजणारा क्लॅम्पमीटर आधी फेजवर, मग न्यूट्रलवर धरला. दोन्हीकडे ८.४. दोन्ही वायरी एकत्र धरल्यावर शून्य. घरातले आजोबा म्हणाले, “अहो, आला तेवढा परत गेला, मग मी बिल कशाचे भरतो?”

चौकात सुतार फळी कापत होता. मी म्हणालो, “आजोबा, करवत मागेपुढे होते, पाते झिजून लाकडात राहत नाही, पण सुताराची मेहनत लाकडात उतरते. वायरीतले इलेक्ट्रॉनही सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतात, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतकेही सरकत नाहीत. बिल मेहनतीचे, म्हणजे ऊर्जेचे.”

“मग त्या स्क्रूने जाळलेलेही माझ्याच मीटरवर?”

“तुमच्याच.”

टोक कापून नवे सॉकेट बसवले, १६चा एमसीबी परत लावला. उत्तर मात्र अजून मनात घोळते आहे. करवतीत जोर पात्यातून पुढे जातो. इथे ऊर्जा तांब्याच्या आतून नव्हे, दोन वायरींच्या भोवतालच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून गिझरपर्यंत पोहोचते. त्याला साजेसा दृष्टांत मला त्या चौकात सापडला नाही.