एक्स-रे आहे ना, मग पुन्हा कशाला?

राजापूर, देवगडकडून वाकड्या कण्याच्या मुलाला घेऊन मुंबई-कोल्हापूर गाठणारे आईबाप हमखास विचारतात, "एक्स-रे गावातच काढलाय. आता परत तोच, वर एमआरआय, सीटी कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

गावातला एक्स-रे बहुधा झोपवून काढलेला असतो, तोही अर्ध्या पाठीचा. आडवं झालं की अंगाचा भार उतरतो आणि वाक कमी दिसतो. ऑपरेशन ठरवायला उभ्याने काढलेला, मानेपासून खुब्यापर्यंत एकसलग एक्स-रे लागतो. चपला काढून, गुडघे ताठ; एक पाय आखूड असेल तर खाली ठोकळा, नाहीतर कमरेचा तिरपेपणा कण्याच्या खात्यात जातो. किरण पाठीकडून सोडावेत, म्हणजे छातीला आणि थायरॉईडला कमी लागतात. कमरेचं हाड फिल्मवर यायलाच हवं, कारण वाढ किती उरली आहे त्याचा अंदाज त्याच्या वरच्या कडेवरून येतो.

त्यावर कॉब कोन, म्हणजे वाक किती अंशांचा आहे ते मोजतात. 10 अंशांपासून पुढे स्कोलिओसिस, म्हणजे कण्याचा बाजूला वाक. वाढत्या मुलात 25 च्या पुढे कण्याला आधार देणारा पट्टा (ब्रेस), 45-50 च्या पुढे ऑपरेशनचा विचार. मोजण्यातच 5 अंशांचा फरक पडतो, तेव्हा 32 चे 35 झाले म्हणून घाबरू नका. मग झोपवून, दोन्ही बाजूंना वाकवून एक्स-रे काढून पाहतात. तरीही 25 किंवा जास्त अंश उरले, तर तो वाक ताठ.

एमआरआय हाडांसाठी नव्हे, मज्जारज्जूसाठी. दहा वर्षांच्या आत दिसलेला वाक, छातीत डावीकडे गेलेला वाक, पायांतली कमजोरी, जन्मजात दोष, यांत तो टाळूच नये. रज्जू खाली अडकलेला असताना कणा ताणून सरळ केला तर पाय लुळे पडू शकतात. लहानग्यांना गुंगी देतात, म्हणून 6 तास पोट रिकामं हवं. पहाटे दादरला उतरून वडापाव दिलात की तारीख गेली.

सीटी सगळ्यांना लागत नाही. मणका जन्मतः अर्धाच असेल किंवा ऑपरेशनमध्ये मणक्यात बसवायच्या स्क्रूची वाट अरुंद वाटली तरच, तोही कमी डोसचा. मणके बरगड्यांवरून मोजतात, आणि बरगड्यांच्या 12 ऐवजी 11 किंवा 13 जोड्याही निघतात. मोजणी चुकली तर स्क्रू भलत्याच मणक्यात.

मोबाइलवरच्या फोटोवरून कोन मोजू नये. सीडी मागून घ्या. फिल्म पावसाळ्यात एकमेकींना चिकटतात.