मुलांची आवड आणि आपली घाई

वार्षिक परीक्षा संपत आल्या की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती येऊ लागतात. अबॅकस, रोबोटिक्स, तबला, स्केटिंग, मातीकाम, सुलेखन अशी भली मोठी यादी असते आणि तिच्याखाली ‘आपल्या पाल्यातील सुप्त गुण वेळीच ओळखा’ हे वाक्य हमखास असते. मुलाच्या आत काहीतरी आधीच तयार होऊन दडून बसले आहे आणि योग्य वर्गात नाव घातले की ते आपोआप बाहेर पडेल, असे त्यात गृहीत धरलेले असते. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणाऱ्या चाचण्यासुद्धा याच समजुतीवर खपतात. त्यांना कसलाही शास्त्रीय आधार नाही, पण त्यांचे शुल्क मात्र चांगलेच घसघशीत असते. दोन मुलांची आई म्हणून माझे मत असे झाले आहे की आवड हळूहळू मूळ धरते, आणि ती धरेपर्यंत घरातली मोठी माणसे काय करतात यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

पॉल ओकीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याच्याशी जुळणारी गोष्ट दिसते. आवड ही ठरलेली, उपजत असते असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांना एखादा विषय सुरुवातीला भावला, तरी त्यातला अवघड भाग समोर येताच त्यांचा उत्साह इतरांपेक्षा अधिक ओसरला. मुलांच्या बाबतीत आपण हेच रोज पाहतो. ‘याला यात गतीच नाही’ हा निकाल आपण पहिल्या कंटाळ्याला देऊन मोकळे होतो.

जयंत नारळीकरांच्या बालपणातला एक प्रसंग मराठी वाचकांना ठाऊक असेल, पण पालक म्हणून तो पुन्हा पाहण्यासारखा आहे. बनारसच्या त्यांच्या घरात मुलांना लिहायला फळा होता. शिकण्यासाठी तिथे राहायला आलेले त्यांचे मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, त्या फळ्यावर ‘जे.व्ही.एन.साठी आव्हान’ अशा अर्थाचा मथळा देऊन गणितातले एखादे कोडे लिहून ठेवीत, आणि भाच्याला उत्तर सापडेपर्यंत किंवा तो हार मानेपर्यंत ते तसेच राही. वडील विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असल्यामुळे घरात गणिताची वाण नव्हती, हे खरेच. तरीही मला मोल वाटते ते मामांच्या रीतीचे. त्यांनी शिकवणी घेतली नाही आणि गुणही दिले नाहीत. जाता-येता दिसेल अशा जागी एक प्रश्न ठेवला आणि वाट पाहिली.

सलीम अलींची गोष्ट याच जातीची आहे. लहानपणी त्यांनी मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि ही कुठली चिमणी, असे कुतूहल त्यांना वाटले. मामा अमिरुद्दीन तय्यबजींना उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत तिचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्डनी चिमणी ओळखून दिली, पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तके दिली. स्वतःला येत नाही तिथे जाणकार माणसाचा दरवाजा दाखवणे एवढे तर कोणत्याही पालकाला जमण्यासारखे आहे. (दोन्ही गोष्टींत मामाच आहेत, याची नोंद समस्त मामेमंडळींनी घ्यावी.)

आमच्या घरी हे फार लहान प्रमाणावर घडले. गच्चीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा एक ठिपका धाकटीला हलताना दिसला. ती फुलपाखराची अळी होती. पुढे कात टाकता टाकता ती हिरवीगार झाली, आणि काडीने हलकेच स्पर्श केला की डोक्यामागून तांबूस, दुभंगलेले शिंगासारखे काहीतरी बाहेर काढून उग्र वास सोडू लागली. कोष करण्यापूर्वी तिने फांदीला स्वतःला रेशमाच्या एका धाग्याने कमरेशी बांधून घेतले, ते मुलीने भिंग लावून पाहिले. मी केलेली मदत म्हणजे भिंग आणि एक कोरी वही दिली आणि त्या फांदीची पाने फोडणीसाठी तोडणे थांबवले. नंतर किड्यांवरचे लेख शोधण्यासाठी ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आम्ही दोघींनी चाळले.

या टप्प्यावर बक्षिसाचा मोह फार जपून वापरावा लागतो. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढायला मनापासून आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात आपणहून कमी चित्रे काढू लागली, तर अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांचा ओढा तसा घटला नाही. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांनी कितीतरी मुलांच्या हाताला वळण लावले आहे, आणि त्यांचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु दहावीच्या वाढीव गुणांपुरती चित्रकला करून इंटरमिजिएटनंतर रंगपेटी माळ्यावर टाकणारी मुलेही प्रत्येक वर्गात असतात.

राहिला प्रश्न सोडण्याचा. थोरल्याने तबला सोडायचे ठरवले, तेव्हा आम्ही चालू सत्र पूर्ण करण्याची अट घातली, कारण कायदा (तबल्यातली बोलांची ठरावीक रचना) हातात बसेपर्यंतचा कंटाळा आणि खरी नावड यांत फरक करायला थोडा अवधी हवा असतो. बेंजामिन ब्लूम यांच्या गटाने आपापल्या क्षेत्रात उच्च स्थानी पोहोचलेल्या 120 जणांचा अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या बहुतेकांचे पहिले शिक्षक नामांकित नव्हते. ते जवळपास राहणारे, मुलांशी मायेने वागणारे होते. म्हणूनच वर्ग निवडताना मी शिक्षकांची पदवी नंतर विचारते, आणि मूल चुकल्यावर ते काय करतात हे आधी दाराशी बसून पाहते. थोरल्याचे तबल्याचे गुरुजी असेच मायाळू होते, तरीही सत्र संपल्यावर त्याने तबला सोडलाच. सध्या तो सायकलची चेन उतरवून पुन्हा बसवण्यात संध्याकाळ घालवतो, आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी त्याला दुकानात बसू देण्याचे कबूल केले आहे.