येळवशीच्या शेतात कृषी विस्तार

कृषी विस्ताराच्या, म्हणजे शेतीचे नवे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याच्या, अभ्यासक्रमात नवे तंत्र शेतकऱ्याने स्वीकारण्याच्या पाच पायऱ्या आम्हाला शिकवल्या गेल्या: जाणीव, आवड, मूल्यमापन, चाचणी आणि अवलंब. भीती, श्रद्धा, लाज किंवा दुःख यांना त्या शिडीवर जागा नव्हती. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावांत काम करताना मात्र, बरेचसे निर्णय याच भावनांच्या बळावर घेतले किंवा टाळले जातात, असे मला सातत्याने दिसत आले आहे.

पेरणीचेच घ्या. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, हा सल्ला दर जूनमध्ये दिला जातो आणि तो शेतकऱ्यांना पाठ असतो. तरीही मृगाची एक दमदार सर येऊन गेली आणि शेजारच्या रानात पेरणी सुरू झाली, की घरच्या कर्त्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. दुबार पेरणीचा खर्च त्याला आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. पण वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून जाईल आणि आपण मागे राहू, ही धास्ती त्या हिशेबापेक्षा मोठी असते. त्याला पावसाचा तोच आकडा पुन्हा ऐकवणे व्यर्थ आहे. त्याच्यासोबत रानात उकरून ओल किती खोल गेली आहे ते पाहावे आणि शक्य झाल्यास शेजारच्या बांधकऱ्यांनाही एकत्र थांबण्यास राजी करावे, कारण सगळेच थांबले की थांबण्याची लाज वाटत नाही.

श्रद्धेचा विचार करताना मला वेळ अमावस्या, म्हणजे आमच्याकडची येळवस, सर्वांत महत्त्वाची वाटते. मार्गशीर्ष अमावस्येला गावे ओस पडतात आणि शेते माणसांनी भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून तिच्यात पांडवांची पूजा होते, भज्जी, उंडे आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवला जातो आणि मग घरची माणसे आंबील शिंपडत उभ्या पिकातून फिरतात. हे फिरणे मला फार मोलाचे वाटते. हरभरा त्या सुमारास फुलोऱ्यात किंवा घाट्यांवर असतो, त्यामुळे मर रोगाने वाळू लागलेली झाडे आणि घाटेअळीने पाडलेली भोके त्याच फेरीत नजरेस पडतात. शिवाय खुरपणी करणाऱ्या आणि बियाणे राखणाऱ्या, पण चावडीवरच्या बैठकीत क्वचितच बोलणाऱ्या बायका त्या दिवशी शेतात मोकळेपणाने बोलतात. कोणत्या तुकड्यात दरवर्षी मर येते, हे अनेकदा त्यांच्याच तोंडून प्रथम कळते.

याचा अर्थ सल्ला देवाच्या नावावर खपवावा, असा मुळीच नाही. श्रद्धेने माणूस मन मोकळे करतो, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला एखादे औषध किंवा वाण गळ्यात मारणे हा मला विश्वासघात वाटतो. काळ्या आईची पूजा करणाऱ्या शेतकऱ्यालाही, तिच्यातला सेंद्रिय कर्ब कमी झाला असेल, तर तसे स्पष्टच सांगितले पाहिजे. त्या नात्याचा मान राखून सांगितले, तर ते ऐकलेही जाते.

दुःखाच्या बाबतीत आमची तयारी सर्वांत अपुरी आहे. ज्या घरातला माणूस कर्जापायी गेला, तिथे योजनेचा अर्ज घेऊन जाणाऱ्या कर्मचाऱ्याला आधी काय बोलावे, किती वेळ गप्प बसावे, हे प्रशिक्षणात शिकवले जायला हवे. आमच्या अहवालात प्रात्यक्षिकांचे आणि लाभार्थ्यांचे रकाने असतात; अशा घरी नुसते ऐकत बसण्यात गेलेला अर्धा दिवस नोंदवायला रकाना नसतो, आणि म्हणून तो वाया गेलेला धरला जातो.

येळवशीला आमच्या भागात बहुधा स्थानिक सुट्टी असते. ती रद्द करून त्या दिवशी मेळावे घ्यावेत, असे मी सुचवणार नाही. नव्याने रुजू झालेल्या सहायक कृषी अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे कृषी सहायक) मात्र आपल्या गावातल्या एखाद्या घरचे आमंत्रण जरूर स्वीकारावे, पत्रके आणि मोबाइलमधले फोटो बाजूला ठेवावेत, घरच्यांच्या मागोमाग पिकातून फिरावे आणि कोणी विचारले तरच पिकाबद्दल बोलावे.