सगळ्या लांब जाताहेत, मग देवयानी जवळ कशी?

"सर, सगळ्या दीर्घिका लांब पळतायत म्हणता, मग ही जवळ कशी काय येतेय?" वांगणीच्या आकाशदर्शनात देवयानी (अँड्रोमेडा) ही आपल्या शेजारची दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह, बघताना नववीतल्या एका मुलीने विचारलं. मागे रांग खोळंबली होती, पण एवढा नेमका प्रश्न टाळवेना.

विश्व प्रसरण पावतंय म्हणजे दीर्घिकांमधलं अवकाशच ताणलं जातंय. जितकं अंतर जास्त, तितका दूर जाण्याचा वेग जास्त: दर 32.6 लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला साधारण 70 किलोमीटर. देवयानी 25 लाख प्रकाशवर्षांवर, म्हणजे या हिशोबाने ती पन्नासेक किलोमीटरच्या वेगाने लांब जायला हवी. पण एवढ्या जवळ गुरुत्वाकर्षणापुढे प्रसरणाचं काही चालत नाही. ती आणि आपली आकाशगंगा सेकंदाला सुमारे 110 किलोमीटरने जवळ येताहेत. (टक्कर होणारच, असं मात्र ताजी गणितं पूर्वीइतक्या ठामपणे सांगत नाहीत.)

गुरुत्वाचा हा अंमल आपल्या छोट्या दीर्घिकासमूहापुरताच. त्यापलीकडे सगळं सुटत चाललंय, आणि तेही वाढत्या वेगाने. 1998 साली संशोधकांच्या दोन गटांना दूरचे अतिनवतारे (स्फोट होणारे तारे, सुपरनोव्हा) अपेक्षेपेक्षा मंद, म्हणजे अपेक्षेपेक्षा लांब दिसले, त्यावरून हे कळलं. 2011 चं नोबेल त्यालाच मिळालं. या वेगवाढीमागे जी कृष्ण ऊर्जा मानतात, ती अशीच कायम राहिली तर शंभरेक अब्ज वर्षांनी बाकीच्या दीर्घिकांचा प्रकाश ताणून ताणून दिसेनासा होईल.

मला याचंच सर्वांत वाईट वाटतं. तारे विझतील हे एक वेळ पचतं, पण इथे प्रसरणाचा पुरावाच नाहीसा होणार. 1923 मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबलने अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत देवयानीच्या छायाचित्राच्या काचेवर नवताऱ्याची (अचानक उजळणाऱ्या ताऱ्याची) खूण खोडून तिथे रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होत राहणारा तारा असल्याची नोंद केली. त्या ताऱ्यावरून देवयानीचं अंतर निघालं, आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेर आहे हे ठरलं. पुढे इतर दीर्घिका मोजत मोजत 1929 मध्ये तो प्रसरणाच्या नियमापर्यंत पोचला. शंभरेक अब्ज वर्षांनंतरच्या खगोलशास्त्रज्ञाकडे कितीही मोठी दुर्बीण असली, तरी मोजायला आपल्या समूहाबाहेरची दीर्घिकाच नसेल.

अर्थात हे सगळं त्या 'कायम राहिली तर'वर उभं आहे. अॅरिझोनातल्या किट पीकवर 'डेसी' हे उपकरण पाच हजार प्रकाशतंतूंनी एका वेळी तितक्याच दीर्घिकांचे वर्णपट (प्रकाशाचे रंगांत विभागलेले पट्टे) घेतं. कृष्ण ऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी, असे संकेत त्याच्या 2025 च्या निष्कर्षांत आहेत. शोध म्हणून जाहीर करण्याइतके ते पक्के नाहीत. ते टिकले तर वरचं भाकीत नव्याने मांडावं लागेल. त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, की बारावीनंतर भौतिकशास्त्र घे, हे मोजायला माणसं लागणार आहेत.