फणसाचा चीक आणि चेन ब्रेक

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, पावसात उन्मळून पडलेला परड्यातला फणस पाटांसाठी कापायला घेतलाय. सात ओंडके निघाले. आठव्याला चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, बाजूला ठेवली, कारण तिची साखळी थांबवणारा चेन ब्रेक.

माझं मशीन बॅटरीचं, १४ इंची बारचं (बार म्हणजे जिच्या कडेने साखळी फिरते ती लांब पट्टी). परवा काप संपवून नेहमीसारखा डाव्या मनगटाने पुढचा हँडगार्ड, म्हणजे पुढच्या मुठीसमोरची ब्रेक लावायची आडपट्टी, ढकलला. खट्ट वाजलं, मोटर गप्प. नशिबाने नजर साखळीवर होती. साखळी जोरात फिरते तेव्हा दातांची एकच धूसर रेघ दिसते. ब्रेक नीट असेल तर ती रेघ एकदम थिजते. परवा मात्र एकेक दात सुटा दिसत दिसत साखळी मंदावली.

इलेक्ट्रिक मशीनवाल्यांनी हे ध्यानात घ्या. माझ्या मशीनमध्ये हँडगार्ड दोन कामं करतो: एक छोटा स्विच मोटरचा प्रवाह तोडतो, आणि स्प्रिंगवरचा पोलादी पट्टा स्प्रॉकेटच्या (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) ड्रमला करकचून आवळतो. स्विच चालला होता, पट्टा नाही. पेट्रोलच्या मशीनचं इंजिन ब्रेक लावल्यावरही धडधडत असतं, त्यामुळे माणूस साखळीकडे बघतोच. इथे आवाज थांबला की आपण निर्धास्त होतो.

साखळी थिजायला लागणारा तो क्षण महत्त्वाचा का? बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडात अडला की बार उसळून थेट तोंडाकडे येतो, आणि तेव्हा ब्रेकने साखळी थांबवायला हवी. माझी साखळी ५२ ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची), म्हणजे साधारण एक मीटर. वेग सेकंदाला १५ मीटर धरला, तर ०.१ सेकंदात तिचा दीड फेरा होतो.

बॅटरी काढून बाजूचं कव्हर उघडलं. आत हळदीच्या लेपासारखा पिवळा लगदा: भुसा, साखळीचं तेल आणि फणसाचा चीक. चीक म्हटला की आपला हात खोबरेलाकडे जातो, माझाही गेला. पण ब्रेकच्या पट्ट्याला तेल अजिबात चालत नाही. बांबूच्या काडीने खरवडलं, जुन्या टूथब्रशने झाडलं, शेवटी स्पिरिटचं फडकं फिरवून पूर्ण वाळू दिलं.

मग तपासण्या. बॅटरी बाहेरच ठेवून ब्रेक लावला आणि हातमोजा घालून साखळी ओढली. सफाईआधी ती कुरकुरत सरकत होती, आता हलली नाही. नंतर ब्रेक सोडला, मशीन बुंध्यावर हातभर उंच आडवं धरलं, मागची मूठ पकडून पुढची सोडली. बारचं टोक बुंध्यावर आपटलं की झटक्यानेच हँडगार्ड पुढे पडायला हवा. पाचही वेळा पडला. शेवटी बॅटरी घालून मोकळ्यावर चालवलं आणि मनगटाने ढकललं: रेघ जागच्या जागी थिजली.

फांद्या छाटायची ४-६ इंची छोटी मशीनं हल्ली घरोघरी दिसतात. त्यातल्या बऱ्याच मशीनांना चेन ब्रेकच नसतो, पुढे असते ती नुसती प्लास्टिकची आडपट्टी. घेण्याआधी ती ढकलून बघा.

माझा पट्टा एका ठिकाणी झिजून आरशासारखा चकाकतोय, मॅन्युअलमधल्या किमान जाडीच्या अगदी काठावर आलाय. नवा मागवलाय. तो बसेपर्यंत आठवा ओंडका ताडपत्रीखालीच.